आपल्या मताचे पुढे काय होते?



धाराशिवला कचेरीच्या रस्त्यावर माझे झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. तिथेच मी लोकांना अर्जही लिहून देतो. बी.ए. झालो तो मराठी विषय घेऊन, आणि कविता करतो त्याही मराठीत. पण आजवर माझ्या हातून कवितेपेक्षा अर्जच जास्त लिहून झाले. रेशनकार्डातले नाव, सातबाऱ्यावरची चूक, निराधाराचे बंद पडलेले पैसे, विम्याची तक्रार. माणूस समोरच्या स्टुलावर बसतो आणि सांगू लागतो. त्यातले निम्मे अर्जात येते, निम्मे माझ्याजवळ राहते.

एकदा कळंब तालुक्यातली एक म्हातारी मावशी आली. गावातल्या पाण्याची तक्रार होती. मी अर्ज लिहिला, वाचून दाखवला, तिने अंगठा दिला. उठताना म्हणाली, "बाबा, मत बी देतो, अर्ज बी देतो. त्याचं फुडं काय हुतंय, ते कुनी सांगतंय का?"

मी काही बोललो नाही. कारण हा प्रश्न मलाही होता. आजचे हे भाषण म्हणजे त्या मावशीला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

मराठीत 'मत' हा शब्द मोठा गमतीचा आहे. माझा विचार तेही माझे मत, आणि निवडणुकीत मी यंत्राचे बटण दाबतो तेही माझे मत. आमच्या घरात दखनी बोलतात. तिथे विचाराला 'राय' म्हणतात आणि निवडणुकीतल्या मताला 'वोट'. दोन वेगळ्या वस्तू, दोन वेगळी नावे. मराठीने मात्र दोन्हींना एकाच शब्दात बसवले. त्यामुळे एक गैरसमजही झाला असावा. पाच वर्षांतून एकदा मत दिले, म्हणजे आपले मत सांगून झाले, असे आपल्याला वाटू लागले.

मत देण्याची किंमत काय, हे मला माझ्या दादीने शिकवले. आपला जिल्हा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला, आपण तेरा महिने मागे राहिलो. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आले. त्या वर्षात आपल्या भागातल्या साध्या माणसांनी फार सोसले. आधी रझाकारांचा जुलूम झाला, आणि पोलीस कारवाईनंतर सूडाच्या आगीत निरपराध मुसलमानही सापडले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वेळी या मुलखात फिरून अहवाल लिहिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने आपला जिल्हाही मोजला होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आमच्या घरात या दिवसांबद्दल कोणी बोलत नसे. भीतीचा पहिला परिणाम हाच असतो. माणसाला मत असते, पण तो ते गिळून टाकतो.

आणि त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आत, १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, दादी मतदानाला गेली. तेव्हा यंत्र नव्हते, शिक्काही नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याची निशाणी. हातात दिलेली चिठ्ठी आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. दादी सांगायची, "आगे पाटील की बहू, पीछे महारवाडे की बुढिया, बीच में मैं. तीनों की चिठ्ठी एकसारखी." मत कोणाला दिले, हे तिने मरेपर्यंत कोणाला सांगितले नाही. आजोबांनाही नाही. ज्या बाईने दोन-चार वर्षांपूर्वी घराच्या दाराला आतून कडी लावून दिवस काढले होते, ती बाई भर उन्हात रांगेत उभी राहिली, ही गोष्ट मला आजही लहान वाटत नाही.

त्याच निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून वगळावी लागली होती. कारण त्यांनी स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच नोंदवले. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावे चालणार नाहीत असे ठरवले. मत द्यायचे तर आधी नाव हवे. नागरिक होण्याची ही पहिली पायरी.

म्हणून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, यादी बघा. मतदानाच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. नवीन नावासाठी नमुना क्रमांक ६, नाव घालण्यावर हरकत घ्यायची किंवा नाव वगळायचे तर ७, पत्ता किंवा चूक दुरुस्त करायची तर ८. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, तेव्हा दावे आणि हरकती मागवतात. ते दिवस निघून गेले की मग नुसती हळहळ उरते. १९८९ साली मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. त्या वर्षी मित्रांची नावे नोंदवायला आम्ही दारोदार हिंडलो. आज मोबाइलवर नाव सापडते, तरी मतदानाच्या सकाळी "आमचं नावच गायब" म्हणत येणारी माणसे काही कमी झाली नाहीत.

आता मतदानाच्या पलीकडचे मत. पाच वर्षे म्हणजे अठराशे सव्वीस दिवस. त्यातला एक दिवस मतदानाचा. उरलेल्या दिवसांत नागरिकाने काय करायचे? पारावर बसून सरकारला शिव्या द्यायच्या? त्याही द्याव्यात, माझी हरकत नाही. पण पारावरचे बोलणे संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर जाते. जे मत कागदावर येते आणि त्या कागदावर आवक क्रमांक पडतो, त्याला पाय फुटतात.

गावात त्यासाठी ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या ठरलेल्या तारखा शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. एवढे सगळे कायद्यात आहे.

आणि तरीही काय होते, ते माझ्याच गोष्टीवरून सांगतो. आमचे मूळ गाव जवळच आहे. थोडी शेती आहे, नाव तिथल्या मतदार यादीत आहे. काही वर्षांपूर्वी २ ऑक्टोबरनंतर दोन दिवसांनी गावात गेलो होतो. चहा पीत बसलो असताना शिपाई रजिस्टर घेऊन आला. "भाई, तेवढी सही करा." मी विचारले, कशाची? "ग्रामसभेची. माणसं कमी पडली." मी सही केली. ओळखीचा माणूस, त्याला कशाला अडवायचे!

पुढे दीड वर्षाने गावातल्या खालच्या वस्तीतली दोन पोरे दुकानात आली. त्यांच्या वस्तीकडे जाणारा रस्ता मंजूर होणार म्हणून सगळे वाट बघत होते. पावसाळ्यात तिथून बाळंतीण बाजेवर न्यावी लागायची. रस्ता झाला, पण दुसरीकडे. ठराव कसा बदलला, हे त्यांना हवे होते. मी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून दिला. महिन्याभराने ठरावाची आणि हजेरीची प्रत आली. ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिलेले होते. आणि हजेरीत एक्केचाळीसाव्या क्रमांकावर माझी सही होती.

पोरांनी ती सही पाहिली. ती काही बोलली नाहीत. झेरॉक्सचे पैसे ठेवले आणि गेली.

श्रोतेहो, सरकारने, पुढाऱ्याने, साहेबाने काय चुकवले याची यादी आपण सगळेच सांगतो. माझ्या यादीत त्या दिवशी माझेच नाव पहिले आले. मी सभेला नव्हतो, पण कागद सांगत होता की मी हजर होतो आणि माझे मत त्या ठरावाला होते. मी न दिलेले मत माझ्याच सहीने मोजले गेले होते.

त्यानंतरच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. म्हणालो, ही सही माझी आहे, पण मी त्या दिवशी इथे नव्हतो, ही माझी चूक आहे, हे इतिवृत्तात लिहून घ्या. काही लोक हसले. कोणी म्हणाले, "शायर, कविता म्हणा त्यापेक्षा." पण एक-दोन म्हातारी माणसे उठली आणि त्यांनीही तेच सांगितले. रस्त्याचा नवा ठराव झाला. रस्ता व्हायला पुढे तीन वर्षे गेली, आणि झाला तोही अर्धाच. पण त्या गावात आता रजिस्टर घरोघर फिरत नाही. निदान माझ्या घरी तरी येत नाही.

माहितीचा अधिकार म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ साली राज्याचा कायदा झाला. देशभराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५पासून लागू झाला. साधा कागद, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील, आणि तिथेही नाही जमले तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, आणि तोही दीडशे शब्दांत. आमच्या लोकांची खरी अडचण इथे होते. त्यांना विचारायचे असते, "रस्ता का केला नाही?" या 'का'ला उत्तर येत नाही. त्याऐवजी ठरावाची प्रत मागा, मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा, बिलाची प्रत मागा. कागद हातात आला की 'का'चे उत्तर आपले आपल्यालाच कळते.

एकट्या माणसाचे मत कुठवर जाऊ शकते, याचे आपल्या जिल्ह्यातले ताजे उदाहरण पीकविम्याचे. २०२०च्या ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली. काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी पाण्यात गेल्या, उभ्या पिकाला मोड आले. विम्याच्या नियमाप्रमाणे नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कंपनीला कळवायचे होते. त्या ७२ तासांत गावात लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि घरात चिखल. ज्यांनी कळवले नाही त्यांना कंपनीने भरपाई नाकारली. सरकारी पंचनामे झालेले होते, त्यात नुकसान लिहिलेले होते, तरी नाकारली. मग जिल्ह्यातले काही शेतकरी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला, आणि तो फक्त अर्ज करणाऱ्यांपुरता राहिला नाही. जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांचा त्यात विचार झाला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही शेतकऱ्यांची बाजू टिकली.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की शेतकऱ्यांना तारले ते भाषणाने नव्हे, मोर्चानेही एकट्याने नव्हे. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी बांधावर येऊन लिहिलेले पंचनामे उपयोगी पडले. आपल्या शेताचा पंचनामा होताना जो तिथे उभा राहिला आणि काय लिहिले ते वाचून घेतले, त्याचा पुरावा तयार झाला. राष्ट्रीय जीवन म्हणतात ते दिल्लीतच असते असे नाही. कधी ते चिखलाने भरलेल्या बांधावर, ओल्या कागदावर, तलाठ्याच्या पेनातून उतरत असते.

आता जरा दूरची गोष्ट. माझा एक पुतण्या काही वर्षे नायजेरियात, लागोस शहरात नोकरीला होता. त्याच्या फोनवरून त्या देशाची मला ओळख झाली. महाराष्ट्र राज्य १ मे १९६०ला झाले, आणि नायजेरिया देश त्याच वर्षी १ ऑक्टोबरला स्वतंत्र झाला. म्हणजे वयाने दोघे बरोबरीचे. तिथेही शेकडो भाषा, तिथेही इंग्रजांचे राज्य होऊन गेलेले. जमिनीत भरपूर तेल. पण स्वातंत्र्यानंतर सहा वर्षांच्या आत, जानेवारी १९६६ला लष्कराने सत्ता घेतली. पुढे १९६७ ते १९७० यादवी युद्ध झाले. १२ जून १९९३ला तिथे निवडणूक झाली, ती बऱ्यापैकी नीट झाली असे लोक मानतात. पण निकाल पुरता जाहीर होण्याआधीच लष्करी सरकारने ती रद्द केली. लोकांनी मत दिले होते, आणि सरकारने ते मोजायचेच नाकारले. १९९९ला लोकशाही परत आली. २०१५ला पहिल्यांदा खुर्चीवरचा राष्ट्राध्यक्ष निवडणूक हरला, आणि त्याने हार मान्य केली. आज १२ जून हा तिथे लोकशाही दिवस म्हणून पाळतात.

२०२३च्या फेब्रुवारीत तिथे पुन्हा निवडणूक होती. नेमके त्याच सुमारास सरकारने जुन्या नोटा बदलायला काढल्या, आणि नव्या नोटा मिळेनात. पुतण्या फोनवर म्हणाला, "चाचा, आपल्याकडं २०१६ला बँकेपुढं रांगा होत्या ना, तश्शाच." त्याच्या शेजारचा एक दुकानदार मतदानाला सकाळी गेला तो रात्री परतला. मतदान केंद्रावरचे निकाल लगेच संगणकावर सर्वांना दिसतील असे निवडणूक आयोगाने सांगितले होते, ते वेळेवर दिसले नाहीत. त्या निवडणुकीत नोंदलेल्या मतदारांपैकी जेमतेम सत्तावीस टक्क्यांनी मतदान केले. आपल्याकडे २०२४च्या लोकसभेला सुमारे सहासष्ट टक्के झाले. तो दुकानदार पुतण्याला म्हणाला होता, की आमच्या देशात प्रत्येकाला राजकारणावर मत आहे, बसमध्ये, बाजारात, चर्चमध्ये, मशिदीत त्यावर भांडणे होतात, पण ते मत ठेवायला भरवशाचे भांडे नाही.

चिनुआ अचेबे हे त्या देशाचे मोठे लेखक. त्यांनी १९८३ला एक छोटे पुस्तक लिहून देशाच्या दुखण्याचे मूळ नेतृत्वाच्या अपयशात आहे असे बजावले होते. ते खरेच असेल. पण मला त्या दुकानदाराचे बोलणे जास्त लागले. मताला भांडे लागते. आपल्याकडे भांडी आहेत: मतदार यादी आहे, ग्रामसभा आहे, माहितीचा अधिकार आहे, न्यायालय आहे, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन आहे. पण घासली नाहीत तर तांब्याची भांडीही हिरवी पडतात. माझ्या एक्केचाळीसाव्या सहीने त्यातले एक भांडे मीच कळकवले होते.

शेवटी नावाबद्दल बोलायला हवे, नाहीतर तुम्ही म्हणाल, शायर ती गोष्ट टाळून गेला. आपल्या शहराचे नाव फेब्रुवारी २०२३मध्ये, आणि जिल्ह्याचे सप्टेंबर २०२३मध्ये धाराशिव झाले. त्याआधी शासनाने हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. त्या दिवसांत माझ्या दुकानात दोन्ही बाजूंचे अर्ज आले. नव्या नावासाठी हट्ट धरणारे आले, जुन्या नावासाठी डोळे ओले करणारेही आले. मी दोघांचे अर्ज नीट वाचून दिले, चुका दुरुस्त केल्या, आणि झेरॉक्सचा दर दोघांना एकच लावला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, मे २०२४मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या, आणि त्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच झाले. माझ्या जन्माच्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे. माझ्या नव्या पत्त्यावर धाराशिव आहे. बोलताना सवयीने जुने नाव येते, लिहिताना मी नवे लिहितो. दोन्ही गावे माझीच. मन थोडे दुखले, हे लपवत नाही. पण एक समाधान आहे. ज्यांचे म्हणणे मान्य झाले नाही, त्यांनीही ते सहीनिशी लिहून दिले, न्यायालयात मांडले, आणि निकाल लागल्यावर दुसऱ्या दिवशी दुकाने उघडली. १९४८ साली ज्या घरांत लोक मत गिळून बसले होते, त्याच घरांतली माणसे आज आवक क्रमांक मागतात. दादीच्या त्या रांगेपासून आपण इथवर आलो.

'हरकत' हा शब्द अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ हालचाल. 'तक्रार' हाही तिकडचाच, आणि त्याचा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणे. मराठीने या शब्दांचे अर्थ बदलून घेतले, पण मला वाटते जुने अर्थही त्यांत शिल्लक आहेत. जो हलतो तो हरकत घेतो. आणि एकदा सांगून भागले नाही तर पुन्हा सांगावे लागते.

कळंबची ती मावशी गेल्या उन्हाळ्यात परत आली होती. पाण्याचा अर्ज कुठे अडकला ते पाहायचे होते. पहिल्या अर्जाची पोच तिने जपून ठेवली होती, लुगड्याच्या गाठीत, चार घड्या करून. मी त्यावरचा क्रमांक उतरवून दुसरा अर्ज लिहिला. तिने विचारले, "आता तरी हुईल का रं बाबा?"

मी म्हणालो, "मावशी, होईलच असं सांगत नाही. पण तुमचं म्हणणं आता हरवणार नाही."

ती हसली आणि म्हणाली, "मग अंगठा कुठं देऊ?"